गव्हाचे पथ्य: सेलिअ‍ॅक आजाराच्या निदानाचा इतिहास

सेलिअ‍ॅक हा गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे होणारा लहान आतड्याचा आजार आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरावर रसांकुर म्हणजे अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि पचलेल्या अन्नातले पोषक घटक त्यांच्यामार्फत रक्तात जातात. ज्यांच्या जनुकांत या आजाराची प्रवृत्ती असते, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेनला शत्रू मानते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याला इजा करते. रसांकुर झिजून अस्तर सपाट होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुलांचे पोट फुगते, हातपाय काटकुळे होतात, जुलाब होतात, उंची खुंटते. मोठ्या माणसांत अनेकदा जुलाब नसतातच. गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ झालेली हाडे किंवा सततचा थकवा एवढेच दिसते. हा आजार संसर्गाने होत नाही आणि तो ॲलर्जीही नव्हे. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. त्यावर उपाय एकच, ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद करणे.

हा उपाय आज सोपा वाटतो, पण दोष नेमक्या कोणत्या अन्नाचा हे कळायला आजाराच्या पहिल्या वर्णनापासून अठराशे वर्षे लागली. दोषी अन्न सापडले ते प्रयोगशाळेत नव्हे, तर मुलांच्या वॉर्डात. एक पदार्थ बंद करायचा, मूल सुधारते का पाहायचे, तो पुन्हा द्यायचा आणि ते पुन्हा आजारी पडते का पाहायचे, या जुन्या पद्धतीने ते सापडले. पुढच्या सगळ्या तपासण्या याच पद्धतीवर उभ्या राहिल्या.

गव्हाचा संशय येण्यापूर्वी

आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया प्रांताचा ग्रीक वैद्य आरेटियस याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास पोटाच्या एका चिवट विकाराचे वर्णन केले. अन्न न पचताच बाहेर पडते, रोगी फिकट आणि अशक्त होतो, दुखणे मधूनमधून शमते आणि पुन्हा उलटते, असे त्याने लिहिले. आजाराचे आजचे नाव त्याच्याच ग्रंथातल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. फ्रान्सिस ॲडम्स याने १८५६ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांना हे वर्णन सहज वाचायला मिळू लागले. भारतीय वैद्यकात चरकसंहितेने ग्रहणीच्या विकारांना स्वतंत्र अध्याय दिला असून त्यात ताकाला मानाचे स्थान आहे. मराठी बोलीतला संग्रहणी हा शब्द त्याच परंपरेतला. मात्र ग्रहणी हे दीर्घकाळच्या अनेक पोटदुखण्यांचे एकत्र नाव होते. त्यातले काही रोगी सेलिअ‍ॅकचे असू शकतात, पण ग्रहणी म्हणजे सेलिअ‍ॅक असे समीकरण मांडता येत नाही.

आधुनिक इतिहास सुरू होतो तो लंडनमध्ये. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात ५ ऑक्टोबर १८८७ रोजी डॉ. सॅम्युएल गी यांनी या विकारावर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापले. विकार कोणत्याही वयात होत असला तरी एक ते पाच वर्षांच्या मुलांत विशेष दिसतो, मल सैल, फिकट आणि प्रमाणाबाहेर जास्त असतो, मूल आठवड्यांगणिक सुकत जाते, हे त्यांनी नेमकेपणाने नोंदवले. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आहार कोणता, हे मात्र त्यांना सापडले नाही. पिठूळ पदार्थ कमी द्यावेत असे त्यांनी सांगितले. पण त्याच यादीत भात आणि साबुदाणा वर्ज्य होते, तर पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालत होता. म्हणजे निर्दोष अन्न बंद आणि दोषी अन्न चालू, असा उलटा प्रकार झाला. एका मुलाला रोज सुमारे लिटरभर उत्तम डच शिंपल्या खायला दिल्या तेव्हा तो झपाट्याने सुधारला. शिंपल्यांचा हंगाम सरला आणि आजार उलटला. पुढच्या हंगामात शिंपल्या आल्या, पण आता तो मुलगा त्यांना तोंड लावेना. शिंपल्यांनी पोट भरल्यावर पावाला जागा उरत नसावी, हे स्पष्टीकरण आज सुचते. त्या काळी सगळे लक्ष मुलगा काय खातो याकडे होते, तो काय खात नाही याकडे नव्हते.

केळ्यांचे पथ्य

न्यूयॉर्कचे ख्रिश्चन हर्टर यांनी १९०८ मध्ये या विकारावर पुस्तक लिहिले. आतड्यातल्या जंतूंमुळे मुलांची वाढ खुंटते असे त्यांचे मत होते. हे मत टिकले नाही, पण अशा मुलांना पिष्टमय पदार्थ स्निग्ध पदार्थांपेक्षाही अधिक बाधतात, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे ठरले. पुढे कित्येक वर्षे हा आजार गी-हर्टर रोग या नावाने ओळखला जात होता.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचेच सिडनी हास यांनी केळ्यांचे पथ्य मांडले. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सगळी धान्ये बंद करायची आणि पिकलेली केळी भरपूर द्यायची, असे ते पथ्य होते. त्यांनी दहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातली आठ मुले या पथ्याने सुधारली होती. ज्या आजारात मुले दगावत होती, त्यात हे यश मोठे होते आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे केळ्यांचे पथ्य अमेरिकेत प्रमाण मानले गेले.

केळ्यांत औषधी गुण आहे अशी सर्वांची समजूत झाली. प्रत्यक्षात गुण येत होता तो पाव आणि बिस्किटे बंद केल्याचा. या गैरसमजाची किंमतही मोजावी लागली. मूल बरे झाले असे वाटले की त्याचा आहार पूर्ववत होई. ताटात गहू परत येई आणि आतड्याची झीज पुन्हा सुरू होई. अनेकदा ही झीज वरवर दिसतही नसे. त्यामुळे हा लहानपणीचा आजार वाढत्या वयात आपोआप जातो, ही समजूत पक्की झाली. ती पुसायला पुढे बराच काळ लागला.

हेगमधील वॉर्ड

गव्हावर बोट ठेवले ते नेदरलँड्सच्या विलेम कारेल डिके यांनी. १९०५ मध्ये जन्मलेले डिके वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९३६ मध्ये, हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. आपल्या मुलाचा पाव बंद केला की त्याचे दुखणे कमी होते, असे एका आईने डॉक्टरांना सांगितल्याची हकीकत त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे. तिथून डिके यांनी काही मुलांना गव्हाशिवाय आहार द्यायला सुरुवात केली. मुलाचे वजन वर्षानुवर्षे आलेखावर मांडायचे आणि गहू कधी बंद केला, कधी पुन्हा दिला याची नोंद त्याच आलेखावर ठेवायची, ही त्यांची रीत होती. गहू बंद असताना रेघ वर चढे, गहू दिला की काही आठवड्यांत खाली येई. १९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात या साध्या पथ्याविषयी लेख लिहिला.

त्यानंतर आला दुसऱ्या महायुद्धातला १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून देशाचा ताबा घेतलेल्या जर्मनांनी त्याच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नाची वाहतूक रोखली. हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला मार्गही बंद झाला. फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस माणशी शिधा दिवसाला सुमारे ५८० कॅलरींवर आला. लोकांनी बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे दगावली. या काळात पाव जवळजवळ मिळेनासा झाला आणि सेलिअ‍ॅकच्या मुलांची प्रकृती मात्र खालावण्याऐवजी सुधारली. पाव परत मिळू लागल्यावर ती पुन्हा आजारी पडली.

या प्रसंगामुळे युद्धाने हा शोध लावला असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. डिके यांचा संशय युद्धापूर्वीचा होता आणि त्यांचा लेख उपासमारीच्या तीन वर्षे आधी छापून आला होता. एका वॉर्डात काही मुलांवर जे पाहिले होते, ते उपासमारीच्या हिवाळ्याने नाइलाजाने घडवून दाखवले आणि संशयाला बळकटी दिली. पुराव्याचे काम अजून बाकी होते.

धुतलेली कणीक

तो पुरावा उट्रेख्त शहरात गोळा झाला. तिथले जीवरसायनशास्त्रज्ञ यान फान दे कामर यांनी १९४९ मध्ये मलातील स्निग्धांश मोजण्याची सोपी आणि भरवशाची रीत प्रसिद्ध केली. आतडे नीट शोषण करत नसेल तर खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांतला बराच भाग मलातून निघून जातो. तो मोजला की शोषण किती होते ते आकड्यात कळते. वजनाची रेघ चढायला आठवडे लागतात, पण हा आकडा काही दिवसांत बदलतो. डिके, फान दे कामर आणि बालरोगतज्ज्ञ हेन्ड्रिक वायर्स यांनी एकेक धान्य देऊन तपासले. गहू आणि राय यांच्या पिठाने स्निग्धांश वाढला, तांदळाने आणि मक्याने वाढला नाही. डिके यांनी १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला.

गव्हातला नेमका कोणता घटक बाधतो, हे शोधायला गहू फोडावा लागला. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली मळत राहिले की पिष्ट पाण्याबरोबर वाहून जाते आणि हातात चिवट, ताणले जाणारे प्रथिन उरते. तेच ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी अठराव्या शतकातच ही कृती वर्णिली होती. मराठी घरात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना याच जातीचे काम होते. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पाण्यात कालवून गाळायचे, चोथा टाकायचा आणि तळाशी बसलेले पांढरे सत्त्व ठेवायचे. कुरडईला हवे असते ते पिष्ट, संशोधकांना तपासायचे होते ते दोन्ही भाग. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना हे दोन्ही भाग वेगवेगळे देऊन पाहिले. पिष्टाने काही झाले नाही, ग्लुटेनने आजार उलटला. हा निष्कर्ष १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये उट्रेख्तच्या गटानेही ग्लुटेनमधला मद्यार्कात विरघळणारा भाग, म्हणजे ग्लायडिन, दोषी असल्याचे दाखवले. पुढे रायमधली आणि जवातली याच कुळातली प्रथिनेही दोषी ठरली. घरच्या चिकात थोडे ग्लुटेन राहतेच, म्हणून कुरडई सेलिअ‍ॅकच्या रोग्याला चालत नाही.

आतड्याचा तुकडा

दोषी अन्न सापडले, पण ते आतड्याचे नेमके काय करते हे कोणी पाहिले नव्हते. मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर लवकर खराब होते, त्यामुळे शवविच्छेदनातून खात्रीचे काही कळत नसे. १९५४ मध्ये इंग्लंडमधल्या इप्सविचचे डॉ. जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांचे वर्णन केले. रसांकुर खुजे आणि रुंद झाले होते, अस्तरात दाह होता.

प्रत्येक रोग्याचे पोट उघडणे शक्य नव्हते. लंडनच्या मार्गो शायनर यांनी १९५६ मध्ये तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत नळी पोहोचवून तुकडा काढण्याची रीत सांगितली. १९५७ मध्ये अमेरिकेत विल्यम क्रॉस्बी आणि हाइन्झ कुग्लर यांनी धातूची छोटी कुपी तयार केली. बारीक नळीच्या टोकाला बसवलेली ही कुपी रोग्याने गिळायची. ती जठर ओलांडून लहान आतड्यात पोहोचली की नाही हे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहायचे. मग नळीच्या दुसऱ्या टोकाने हवा ओढली की अस्तराचा कण कुपीच्या छिद्रात खेचला जाई, आतली स्प्रिंग सुटे आणि पाते फिरून तो कण कापला जाई. नंतर नळी हळूच बाहेर ओढायची. कुपी योग्य जागी पोहोचायला बरेचदा काही तास लागत. लहान मुलाच्या आईबापांना तेवढा वेळ त्याला सांभाळत बसावे लागे.

या तुकड्यांनी एक जुना वाद मिटवला. मुलांचा सेलिअ‍ॅक आणि मोठ्यांचा त्याच लक्षणांचा विकार हे दोन वेगळे आजार मानले जात. सिअ‍ॅटलचे सायरस रूबिन यांनी १९६० मध्ये दोन्हींतली आतड्याची इजा एकच असल्याचे दाखवले. वाढत्या वयात आजार जातो, ही समजूत त्याने खोटी ठरली. १९६६ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंगावर खाजरे फोड येणाऱ्या एका जुन्या त्वचाविकाराच्या रोग्यांतही आतड्याची हीच इजा असल्याचे दाखवले.

१९६९ मध्ये युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन येथे निदानाचे निकष ठरवले. पहिला तुकडा गहू खात असताना घ्यायचा आणि त्यात अस्तर सपाट दिसले पाहिजे. दुसरा पथ्यानंतर घ्यायचा आणि त्यात ते भरून आलेले दिसले पाहिजे. तिसरा पुन्हा गहू दिल्यावर घ्यायचा आणि त्यात ते परत बिघडलेले दिसले पाहिजे. म्हणजे डिके यांची बंद करून पुन्हा देण्याची पद्धतच आता सूक्ष्मदर्शकाखाली आली. एका मुलाच्या निदानाला त्यात वर्षे लागत. १९९० मध्ये हे निकष सैल झाले आणि एक तुकडा व पथ्याने येणारा स्पष्ट गुण एवढे बहुतेक मुलांसाठी पुरेसे मानले गेले. तोवर कुपीची जागा दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, घेतली होती. १९९२ मध्ये मायकल मार्श यांनी इजेच्या पायऱ्या ठरवल्या. आजही पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्यांच्या नावाची श्रेणी लिहिलेली असते आणि रसांकुर झिजलेले असल्यास ती तिसरी असते.

रक्ताची तपासणी

रक्तातून निदान करण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. ग्लायडिनविरुद्धच्या प्रतिपिंडांची पहिली चाचणी फारशी अचूक नव्हती, कारण निरोगी माणसांतही ती होकारार्थी येई. १९८० च्या दशकात वॉर्साच्या तादेउश खोझेल्स्की यांच्या गटाने अधिक नेमके प्रतिपिंड शोधले. माकडाच्या अन्ननलिकेच्या पातळ कापावर रोग्याचा रक्तद्रव टाकून, चमकणारी जाळी दिसते का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, अशी ही एंडोमायसियल चाचणी होती. ती अचूक होती, पण खर्चिक होती आणि तिचा निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होता.

१९९७ मध्ये बर्लिनमध्ये वाल्बुर्गा डीटेरिश, डेटलेफ शुपान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रतिपिंड नेमके कशाला चिकटतात ते शोधले. ते होते टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे शरीरातलेच विकर. त्यावरून यंत्रावर मोजता येणारी, आकड्यात उत्तर देणारी चाचणी तयार झाली. हीच आजची टीटीजी-आयजीए चाचणी. दरम्यान १९८९ मध्ये ऑस्लोच्या लुडविग सोलिड यांनी आनुवंशिक दुवाही दाखवला होता. जवळजवळ सर्व रोग्यांत एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी एक जनुक असते. मात्र हे जनुक असणाऱ्या बहुसंख्य लोकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे जनुकीय चाचणी नकारार्थी आली तर आजार जवळपास नाकारता येतो, होकारार्थी आली तर त्यावरून निदान होत नाही.

आजचा क्रम या इतिहासातून आला आहे. आधी रक्तातली टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए तपासतात. एकूण आयजीए यासाठी की काही लोकांच्या शरीरात हे प्रतिपिंड मुळातच कमी असतात आणि त्यांची चाचणी फसवी नकारार्थी येते. चाचणी होकारार्थी आली तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-पाच तुकडे घेतात, कारण इजा सगळीकडे सारखी नसते. मुलांत टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात एंडोमायसियल चाचणीही होकारार्थी असेल, तर तुकडा न काढता निदान करता येते. युरोपीय बालपोटविकार संघटनेने ही सवलत २०१२ मध्ये दिली आणि २०२० मध्ये ती आणखी सुटसुटीत केली.

या सर्व चाचण्यांना एक अट आहे. तपासणी होईपर्यंत रोग्याने गहू खात राहिले पाहिजे. गहू बंद केला की प्रतिपिंड उतरतात, रसांकुर भरून येऊ लागतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. ऐकीव सल्ल्याने आधीच पोळी सोडून दिलेल्या माणसाला तपासणीसाठी काही आठवडे ती पुन्हा खावी लागते. रोग्याच्या आईवडिलांना, भावंडांना आणि मुलांना हा आजार असण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट असते, म्हणून लक्षणे नसली तरी त्यांचीही रक्ततपासणी सुचवली जाते.

भारतातला शोध

सेलिअ‍ॅक हा युरोपीय वंशाच्या लोकांचा आजार आहे, असा समज विसाव्या शतकात बराच काळ होता. भारतात तो न दिसण्याची आणखी कारणे होती. फुगलेले पोट, काटकुळे हातपाय आणि जुलाब असलेले मूल दिसले की कुपोषण, जंत, क्षय किंवा उष्ण कटिबंधातला स्प्रू यांचा विचार आधी होई, आणि हे आजार खरोखरच सर्रास होते. १९६६ मध्ये वालिया, घई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या मुलांतल्या सेलिअ‍ॅकविषयीचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये बर्मिंगहॅमहून, शार्लट अँडरसन यांच्याच गटाकडून, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांच्या मुलांतही हा आजार असल्याची नोंद आली.

टीटीजी चाचणी आल्यावर खरे प्रमाण दिसू लागले. दिल्ली परिसरातल्या लोकसंख्येवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६ माणसांत एकाला सेलिअ‍ॅक आढळला. युरोपातले प्रमाणही याच्या आसपासच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हरियाणातले फरिदाबाद, आसाममधले गुवाहाटी आणि तमिळनाडूतले वेल्लोर या तीन भागांतल्या २३,३३१ निरोगी प्रौढांचे रक्त तपासले गेले. सेलिअ‍ॅकचे प्रतिपिंड उत्तरेत १.२३ टक्के, गुवाहाटी परिसरात ०.८७ टक्के आणि वेल्लोर परिसरात फक्त ०.१० टक्के लोकांत सापडले. प्रवृत्ती दाखवणारे जनुक मात्र तिन्हीकडे जवळपास सारखेच, म्हणजे तिघांत एकाच्या आसपास होते. फरक होता तो ताटात. गव्हाचे सरासरी दैनिक सेवन उत्तरेत ४५५ ग्रॅम, गुवाहाटी परिसरात ३७ ग्रॅम आणि वेल्लोर परिसरात २५ ग्रॅम होते. गुवाहाटीचा आकडा पाहता गहू हे एकमेव कारण म्हणता येत नाही, पण जनुक असून गहू कमी असेल तर आजार क्वचितच दिसतो, हे दक्षिणेने दाखवले.

पोळी, भाकरी आणि पथ्य

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये येतो. घाटावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात आणि गोव्यात भात, तांदळाची भाकरी आणि नाचणी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे रोजचे अन्न होते. अनेक घरांत पोळी सणावारी होई. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर पाव आला आणि पोदेर म्हणजे पाववाला घरोघरी तो पोहोचवू लागला. साठच्या दशकातल्या टंचाईत अमेरिकेतून आलेला गहू, नंतर हरितक्रांतीचे वाढते पीक आणि रेशन दुकानांवरचा पुरवठा यांमुळे गहू स्वस्त आणि सुलभ झाला. शहरांत पोळी हे रोजचे अन्न बनले आणि पाव, बिस्किट, खारी, टोस्ट हे चहाचे सोबती झाले.

तरीही भाकरी-भाताच्या जुन्या परंपरेमुळे पथ्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर बऱ्यापैकी सोयीचे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी आणि कडधान्ये यांत ग्लुटेन नसते. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, भाकरी-पिठले हे पदार्थ मुळातच चालतात. पुरणपोळी, तळणीचे मोदक, शिरा, शेवया, लापशी आणि गव्हाचे सातूचे पीठ चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, तो वगळून भाजणी करावी लागते.

अडचण असते ती न दिसणाऱ्या गव्हाची. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात हिंगाचा अंश थोडा असतो आणि उरलेल्यात बहुधा मैदा किंवा कणीक असते. त्यामुळे आमटीची साधी फोडणीही बाधू शकते. मासे तळण्याआधी रव्यात घोळवतात, तिथे तांदळाचे पीठ मागावे लागते. दुधात घालायच्या अनेक पौष्टिक पावडरींत जवाचे माल्ट असते, सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्समध्ये स्वतःचे ग्लुटेन नसले तरी ते बहुतेक वेळा गव्हात मिसळलेले असतात. गिरणीत आधी कोणाचे गव्हाचे दळण झाले असेल तर मागून आलेल्या ज्वारीच्या पिठात कणीक उतरते. उपासाचे दळण वेगळे ठेवण्याची काळजी अनेक घरे पूर्वीपासून घेतात. सेलिअ‍ॅकच्या घरात तीच काळजी रोजच्या दळणाला घ्यावी लागते, किंवा घरघंटी घेऊन ती फक्त या धान्यांसाठी राखावी लागते. पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी आणि तळणीचे तेलही वेगळे लागते.

एवढी काटेकोरी कशासाठी, याचे उत्तर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन प्रयोगाने दिले. पथ्यावर असलेल्या रोग्यांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले तेव्हा आतड्याला इजा झाली. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पोळीचा पन्नासावा भागही रोज पोटात गेला तर पथ्य मोडते. वेष्टनावरच्या खुणेला म्हणूनच महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेला पदार्थ ग्लुटेनमुक्त म्हणवता येतो आणि भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही हीच मर्यादा ठेवली आहे. रोग्यांच्या संघटनांचा अशा नियमांमागे मोठा वाटा आहे. ब्रिटनमधली अशी संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचे संस्थापक पीटर बेनेन्सन तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि त्यांना स्वतःला हा आजार होता.

पथ्य सुरू केल्यावर जुलाब आणि थकवा काही आठवड्यांत कमी होऊ लागतो, मुलांचे वजन आणि उंची वाढू लागते. टीटीजीचा आकडा काही महिन्यांत उतरतो. मोठ्यांमध्ये रसांकुर पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. सुरुवातीला दूध न पचणे ही सामान्य तक्रार असते, कारण दुधातली साखर पचवणारे विकर रसांकुरांवरच तयार होते. आतडे भरून आले की ती बहुधा जाते. लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता तपासून भरून काढतात, प्रौढांच्या हाडांची घनता मोजतात आणि वर्षातून एकदा टीटीजी पाहतात. आकडा वाढला तर कुठून तरी गहू पोटात जातो आहे असे समजून आहाराची झडती घ्यावी लागते. टाइप-१ मधुमेह आणि थायरॉइडचे काही विकार या रोग्यांत अधिक आढळतात, म्हणून त्यांकडेही लक्ष ठेवले जाते.

औषधाचा शोध सुरू आहे. ग्लुटेनचे पोटातच तुकडे करणारी विकरे आणि टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजला रोखणारी गोळी यांच्या चाचण्या झाल्या आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गोळीने ग्लुटेन खाऊनही आतड्याची इजा कमी झाल्याचे दिसले. नेहमीच्या वापरासाठी मान्यता मिळालेले औषध मात्र अजून नाही. डिके यांनी युद्धापूर्वी सुरू केलेले गव्हाशिवायचे पथ्य हाच आजही या आजाराचा उपचार आहे.